सोळाव्या वर्षाची किल्ली

मुलगा सोळा वर्षांचा झाला, की बापाने त्याच्याशी मित्रासारखे वागावे, असे आपल्याकडील एक जुने वचन आहे. अमेरिकेतील बापाने हे वचन ऐकलेले नव्हते. पण आपल्या रीतीने तो ते पाळीत आला होता. मुलाला सोळा पुरी झाली, की तो त्याच्या तळहातावर मोटारीची किल्ली ठेवी. त्या किल्लीबरोबर मुलाचे बालपण संपे आणि त्याची स्वतःची वाट सुरू होई. दोन-तीन पिढ्या हा सोहळा त्या देशात घरोघर झाला. आता मात्र तिकडून एक चमत्कारिक तक्रार ऐकू येते. बाप किल्ली पुढे करतो आणि मुलगा म्हणतो, "राहू द्या, एवढी घाई कसली?"

ही तक्रार केवळ म्हाताऱ्यांची कुरकुर नव्हे, तिला आकड्यांचा आधार आहे. १९८३ साली अमेरिकेतील सोळा वर्षांच्या शंभर मुलांमुलींपैकी शेहेचाळीस जणांपाशी मोटार चालविण्याचा परवाना होता. २०१४ साली हे प्रमाण जेमतेम पावावर आले. एकोणीस वर्षांच्या वयात १९८३ साली शेकडा ८७ जणांच्या खिशात परवाना होता. २०१४ साली शेकडा ६९ जणांच्या. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी हे आकडे मांडले, तेव्हा मोटारीच्या कारखानदारांपासून धर्मोपदेशकांपर्यंत सर्वांनाच कपाळाला हात लावावासा वाटला असल्यास नवल नाही. इंग्लंडातही हाच प्रकार घडला. तेथे १९९२ ते ९४ च्या सुमारास सतरा ते वीस वयाच्या तरुणांपैकी जवळजवळ निम्मे परवानाधारक होते. २०१४ साली ते शेकडा २९ उरले. ज्या राष्ट्राने जगाला मोटारीचे वेड लावले, त्याच राष्ट्राच्या मुलांचे वेड ओसरू लागले, ही घटना क्षुल्लक नाही. तिचा अर्थ नीट लावला पाहिजे. कारण तो आमच्याही उपयोगी पडणार आहे.

अशा प्रसंगी वडीलधाऱ्यांचा निकाल तयारच असतो. हल्लीची पोरे आळशी झाली, भित्री झाली, घरकोंबडी झाली. हातातल्या मोबाईलने त्यांचे वाटोळे केले! मित्र पडद्यावरच भेटतो, मग मोटार घेऊन त्याच्या दारी जावेच कशाला? हा निकाल ऐकावयास गोड आहे, कारण त्यात वडीलधाऱ्यांकडे कोणताच दोष येत नाही. परंतु तो पुराव्यावर टिकत नाही. आयफोन बाजारात आला २००७ च्या मध्यावर. शाळकरी मुलाच्या खिशात असला फोन सर्रास पोहोचावयास आणखी काही वर्षे गेली. आणि २००८ सालीच सोळा वर्षांच्या परवानाधारकांचे प्रमाण शेकडा ४६ वरून ३१ वर उतरलेले होते! १९८३ पासून २०१४ पर्यंत जी घट झाली, तिच्यातील सुमारे दोन-तृतीयांश घट मोबाईलने मुलांना पछाडण्यापूर्वीच होऊन गेलेली होती. चोर घरात शिरण्यापूर्वीच तिजोरी रिकामी झाली असेल, तर त्या चोराला सुळावर कसे चढविणार?

खुद्द तरुणांनाच विचारले, तर ते काय सांगतात? २०१३ साली मिशिगनच्याच संशोधकांनी अठरा ते एकोणचाळीस वयाच्या, परवाना नसलेल्या लोकांना त्याची कारणे विचारली. शेकडा ३७ जणांनी सांगितले, वेळ नाही. शेकडा ३२ म्हणाले, मोटार बाळगणे परवडत नाही. शेकडा ३१ म्हणाले, दुसरे कोणीतरी आम्हांला नेऊन सोडते. कित्येकांना पायी किंवा सायकलीने जाणे आवडत होते, कित्येकांना बस-आगगाडी पुरत होती. संगणकावर आणि फोनवर बोलून काम भागते, म्हणून परवाना घेतला नाही, असे सांगणारे होते अवघे शेकडा ८! यातल्या पहिल्या तीन कारणांकडे नीट पाहा. वेळ, पैसा आणि दुसऱ्याच्या गाडीतली जागा. हे शब्द आळशाचे नाहीत. हिशेब करून पाहणाऱ्या माणसाचे आहेत.

हा हिशेब का बदलला हे कळावयास मोटारीची पूर्वपीठिका आठवली पाहिजे. हेन्री फोर्डने १९०८ साली आपली 'मॉडेल टी' बाजारात आणली, तेव्हा तिची किंमत साडेआठशे डॉलरच्या आसपास होती. १९१३ साली त्याने सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्यास प्रारंभ केला आणि पुढील बारा-तेरा वर्षांत तीच मोटार तीनशे डॉलरांच्या आत आली. मोटार श्रीमंताच्या देवडीवरून कामगाराच्या अंगणात उतरली. १९३४ साली पेन्सिल्व्हानियातील एका शाळेत मोटार चालविण्याचे शिक्षण देण्यास आरंभ झाला आणि पुढे ते देशभरच्या शाळांत पसरले. १९५६ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एक्केचाळीस हजार मैलांच्या महामार्गांच्या कायद्यावर सही केली. या महामार्गांच्या काठाने उपनगरे वसली. आणि ती अशी वसली, की घरापासून शाळा दूर, शाळेपासून दुकान दूर, दुकानापासून मित्राचे घर दूर! गावोगावच्या ट्राम उखडल्या गेल्या, बसगाड्या रोडावल्या, नव्या वस्त्यांतून पादचाऱ्याची वाटच आखावयाची राहून गेली.

येथेच त्या किल्लीचे खरे रहस्य आहे. अमेरिकन मुलाला मोटार म्हणजे स्वातंत्र्य वाटे, याचे कारण मोटारीवाचून तो कैदी होता. ज्या समाजाने त्याच्या पायांखालची वाट काढून घेतली, त्यानेच सोळाव्या वर्षी त्याला किल्ली दिली आणि वर उपकार केल्याचा आव आणला. मोटारीवरच्या ज्या प्रेमाची एवढी स्तोत्रे गायिली गेली, त्या प्रेमात निम्मी गरज होती.

पुढे या किल्लीची किंमत चढू लागली. पूर्वी शाळेत फुकट किंवा नाममात्र फीवर मिळणारे शिक्षण अनेक ठिकाणी बंद पडले आणि ते खाजगी शिकवणीवाल्यांकडे गेले. तेथे शेकडो डॉलर मोजावे लागू लागले. नव्या मोटारीची सरासरी किंमत २०२३ साली सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजार डॉलरांच्या घरात होती. कोवळ्या वयाच्या चालकाचा विमा म्हणजे तर बापाच्या कंबरड्यावर काठीच. पूर्वी मुलगा सुट्टीत खाणावळीत भांडी घासून, पेट्रोलपंपावर उभा राहून एखादी जुनी गाडी घेई. आता ती कमाईही आटली. १९७९ साली सोळा ते एकोणीस वयाच्या शंभरांतील अठ्ठावन्न मुले रोजगारात किंवा रोजगाराच्या शोधात होती. २०१४ साली चौतीस. बाकीची अभ्यासात, शिकवण्यांत आणि कॉलेजच्या प्रवेशाच्या धडपडीत गुंतली होती. मग 'वेळ नाही' हे उत्तर खोटे कसे म्हणावे?

कायद्यानेही आपला वाटा उचलला. फ्लोरिडा राज्याने १९९६ साली टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली आणि मग एकामागून एक सर्व राज्यांनी ती कमी-अधिक फरकाने स्वीकारली. आधी शिकाऊ परवाना, मग निर्बंधांचा, आणि अखेरीस पुरा. न्यू जर्सीत सतरा वर्षांपूर्वी कोणालाही एकट्याने मोटार चालविता येत नाही. सतराव्या वर्षीही रात्री अकरानंतर बंदी, गाडीत फार मित्र भरण्यास बंदी. आणि २०१० पासून नवशिक्या तरुणाच्या गाडीच्या पाटीवर तांबडी खूण. जो परवाना मिळवूनही रात्रीच्या नाटकानंतर मित्रांना घरी सोडता येत नाही, त्याच्यासाठी जीव टाकावा असे मुलांना वाटले नाही, तर त्यांचा दोष काय? परंतु या निर्बंधांची निंदा आम्ही करणार नाही. १९७५ साली अमेरिकेत तेरा ते एकोणीस वयाची साडेआठ हजारांहून अधिक मुले मोटार-अपघातांत मेली. २०२१ साली सुमारे तीन हजार. पट्टे आले, गाड्या अधिक सुरक्षित झाल्या, हे खरेच. पण या कायद्यांचेही त्यात श्रेय आहे. हजारो घरांतील दिवे विझले नाहीत, ही कमाई कोणत्याही स्वातंत्र्याच्या गप्पांहून मोठी आहे.

येथवर पाहिले, तर किल्ली नको म्हणणाऱ्या मुलाची बाजू सरस दिसते. पण नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांस मान्य नाही. न्यूयॉर्क शहरातील निम्म्याहून अधिक कुटुंबांपाशी मोटारच नाही. तेथला मुलगा परवाना घेत नाही, कारण जमिनीखालची गाडी त्याला शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेते. त्याचे मोटार न चालविणे ही निवड आहे. पण ओहायोतील एखाद्या लहान गावात, जेथे दिवसाकाठी एक बसदेखील येत नाही, तेथला गरीब घरचा मुलगा परवाना घेत नाही, कारण शिकवणीचे पैसे नाहीत आणि विम्याचे तर नाहीतच. गाडी नाही म्हणून नोकरी नाही. नोकरी नाही म्हणून गाडी नाही. त्याचे मोटार न चालविणे ही निवड नव्हे, ती कोंडी आहे. आकड्यांच्या कोष्टकात ही दोन्ही मुले एकाच रकान्यात बसतात. एक मुक्त आहे, दुसरा बंदिवान आहे. आणि त्या दोघांत फरक करणारी वस्तू मोटार नसून त्यांच्या वस्तीची घडण आहे.

म्हणूनच अमेरिकेने मोटार टाकली, अशी द्वाही फिरविणाऱ्यांनीही जरा सबुरी धरावी. वीस ते चोवीस वयात, २०१४ सालीही, शंभरांतील शहात्तर-सत्त्याहत्तर तरुण परवानाधारक होतेच. पुष्कळांनी किल्ली नाकारली नाही, पुढे ढकलली. नोकरी लागली, लग्न झाले, उपनगरात घर घेतले, की मोटार दारात येऊन उभी राहते. कारण तेथे दुसरे काहीच येत नाही. वस्तीची रचना आहे तशीच राहिली, तर मुलांची अनिच्छा किती दिवस टिकणार?

ही कोंडी म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील हजारो घरांना पुस्तके न वाचताही ठाऊक आहे. मुलगा-सून न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये. आई-वडील सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलेले. घर मोठे, बाग सुंदर, नातवंडे गोड. सकाळी आठला दोन मोटारी दोघांना घेऊन निघून जातात आणि संध्याकाळपर्यंत ते दोन वृद्ध जीव खिडकीशी बसून राहतात. दादरला रोज सकाळी एकट्याने भाजी आणणारी, गिरगावातून लोकलने विरारच्या बहिणीकडे जाणारी बाई तेथे कोपऱ्यावरच्या दुकानातही जाऊ शकत नाही, कारण कोपराच नाही! "सगळे छान आहे हो, पण पायच तुटल्यासारखे वाटतात," हे उद्गार परतलेल्या कितीतरी आजी-आजोबांच्या तोंडून आम्ही ऐकले आहेत. ज्या मुलाला परवाना नाही, त्याचे वय सोळा असो वा सत्तर, त्या उपनगरात त्याची गत एकच.

आणि आता आमच्या घरात काय चालले आहे ते पाहू. अमेरिकेतील मुलाला कायदा सोळाव्या वर्षी वाट देतो आणि तो चालढकल करतो. आमच्या मुलाला कायदा अठराव्या वर्षापर्यंत थांबावयास सांगतो आणि त्याला दम निघत नाही. सोळाव्या वर्षी आमचा कायदा फक्त पन्नास सी.सी.पर्यंतच्या दुचाकीची परवानगी देतो. तरी शिकवणी-वर्गांच्या दारांत पाहावे, मिसरूडही न फुटलेली मुले भारी दुचाक्या ओळीने लावीत असतात. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड ठेवला. त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळणार नाही, असेही ठरविले. कायदा कडक आहे. पण किल्ली खुंटीवरच आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. ती मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप झाला. आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून त्याला प्रथम जामीन मिळाला, तेव्हा सारा महाराष्ट्र खवळून उठला. तो संताप रास्त होता. २०२२ साली या देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, हे ज्याने वाचले त्याला तो रास्तच वाटेल.

परंतु श्रीमंताच्या लाडक्याची आलिशान मोटार आणि गरिबाच्या मुलाची दुचाकी या दोन वस्तू आम्ही एकाच तराजूत घालणार नाही. ठाणे, कल्याण, नाशिक, पुणे, नागपूर, कोठेही जा. पंधरा वर्षांच्या मुलीला स्कूटरची किल्ली देणारी आई पुष्कळदा बेजबाबदार नसते, अगतिक असते. शाळा एका टोकाला, शिकवणी दुसऱ्या टोकाला. बस कधी येईल याचा नेम नाही, रिक्षाचे भाडे रोज परवडत नाही, आणि पायी जावे तर पदपथ फेरीवाल्यांनी, उभ्या गाड्यांनी आणि उखडलेल्या फरश्यांनी व्यापलेला. ती बिचारी डोळे मिटून देवाचे नाव घेते आणि मुलीला किल्ली देते. हे वाहनाचे वेड नव्हे. ही अमेरिकन उपनगराची कोंडीच आहे. फक्त तिला चाके दोन आहेत.

आणि हे त्या मुंबईच्या छायेत घडावे, जिने या बाबतीत साऱ्या देशाला धडा घालून दिला! १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. १५ जुलै १९२६ रोजी येथे पहिली बस धावली. ट्राम ३१ मार्च १९६४ ला थांबली, तरी बस आणि लोकल यांच्या जोरावर या शहरातील लक्षावधी माणसांनी मोटार न शिकता आयुष्य काढले आणि त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. गिरणी-कामगाराचा मुलगा आणि वकिलाचा मुलगा एकाच डब्यात दांडीला लटकून कॉलेजात गेले. बारा-तेरा वर्षांची मुलगी पास दाखवून एकटी शाळेत जाई, हे मुंबईचे वैभव होते. न्यूयॉर्कच्या मुलाला आज जी मुक्ती लाभली आहे, ती परळच्या मुलाला त्याच्या आजोबांपासून लाभली होती.

तीच मुक्ती आम्ही हाताने घालवीत आहोत, हे आम्हांस खेदाने सांगावे लागते. 'बेस्ट'पाशी एकेकाळी चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. २०२५ साली त्या तीन हजारांच्याही खाली आल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात किमान भाडे पाच रुपयांवरून एकदम दहा झाले. एकीकडे समुद्रात भर घालून तेरा-चौदा हजार कोटी रुपयांचा किनारा-मार्ग बांधावयाचा, ज्याच्या मुख्य मार्गावर सायकलीला आणि दुचाकीलाही मज्जाव आहे. आणि दुसरीकडे बसच्या तुटीसाठी महापालिकेच्या दारी झोळी घेऊन उभे राहावयाचे, हा कोणता न्याय? मेट्रोचे मार्ग २०१४ पासून एकेक करून उघडत आहेत, त्यांचे आम्ही स्वागतच करतो. पण मेट्रोच्या स्थानकापासून घरापर्यंतचा अर्धा मैल कोण नेणार? तो बसने किंवा पायांनीच जावयाचा असतो. नेमके तेच दोन पर्याय आम्ही पंगू करून ठेवले, की मुलगा स्थानकाकडे न जाता दुचाकीकडे वळतो. मग अपघात झाला, की आम्ही पिढीच्या नावाने खडे फोडतो.

आमचे म्हणणे मोटारीविरुद्ध नाही. मोटार चालविता येणे ही चांगली विद्या आहे. ज्याला हौस आहे, त्याने वय झाल्यावर, रीतसर शिकून, ती जरूर आत्मसात करावी. रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यावयाची वेळ आली, तर ती विद्या जीव वाचविते. आमचे म्हणणे एवढेच, की ती हौस असावी, सक्ती नसावी. ज्या शहरात पंधरा वर्षांच्या मुलाला वाहन चालविल्यावाचून शिकता येत नाही, मित्राला भेटता येत नाही, खेळाच्या मैदानावर जाता येत नाही, त्या शहराने त्याला जन्मतःच पांगळे केले आणि मग कुबडीला स्वातंत्र्य असे नाव दिले. अमेरिकेने ही चूक पाऊणशे वर्षे केली; तिची मुले आज कुबडी झिडकारू पाहत आहेत आणि पाय टेकावयास त्यांना जमीन सापडत नाही. आम्हांपाशी जमीन आहे. तिच्यावर बस चालविण्याची, पदपथ मोकळे करण्याची आणि शाळेच्या वेळेला गाड्या सोडण्याची बुद्धी तेवढी हवी आहे.

म्हणून महापालिकांच्या निवडणुकांत मते मागावयास येणाऱ्यांना आमच्या वाचकांनी एकच प्रश्न विचारावा. "उड्डाणपूल किती बांधलेत?" हा तो प्रश्न नव्हे. "माझी बारा वर्षांची मुलगी एकटी, निर्धास्तपणे, पायी किंवा बसने शाळेत जाऊ शकते का?" हा तो प्रश्न आहे. याचे उत्तर 'होय' आले, तर त्या मुलीने सोळाव्या वर्षी किल्ली मागितली काय आणि न मागितली काय, आम्हांस चिंता नाही. आणि सोळा वर्षांच्या मुलाशी मित्रासारखे वागावयाचे, तर त्याच्या हातावर किल्ली ठेवण्याचीच काय गरज आहे? किल्लीवाचून त्याला सर्वत्र जाता येईल, असे शहर त्याच्या हवाली करावे. त्याहून मोठी भेट कोणता बाप देणार?